वासुकीनं लावलेलं कुंकू

नाव : वासुकी चिदंबर राव. वय : चोपन्न. राहणार : तंजावूर, राजवाड्याच्या पूर्वेकडील गल्ली. बांधा : मध्यम. भाषा : घरी मराठी, दुकानात तमिळ, कॉम्प्युटरशी इंग्रजी. व्यवसाय : जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती व वृद्धीकरण. सदर व्यक्तीने आपल्या कारकिर्दीत कोणत्याही मयत इसमाच्या छायाचित्रात मुळात नसलेली बाब समाविष्ट केलेली नाही. सबब तिने पुरविलेले छायाचित्र विश्वसनीय समजण्यात यावे.

असा दाखला कुठल्याही कचेरीनं दिलेला नाही. वासुकीनं तो मनातल्या मनात स्वतःच स्वतःला दिला होता, आणि शिक्काही स्वतःच मारला होता. सरकारी कागदांत तिच्या नावापुढे 'गृहिणी' असं लिहिलेलं आहे.

दुकानाचं नाव 'चिदंबर फोटो हॉल'. हॉल म्हणजे दहा बाय बाराची खोली. तिच्या वडिलांनी पाटी रंगवली तेव्हा आत निळा पडदा, लाकडी स्टूल आणि पुढे बरंच काही होईल अशी आशा होती. पडदा आणि स्टूल अजून आहेत. पासपोर्ट फोटोचं एखादं गिऱ्हाईक आलं तर त्याला स्टुलावर बसवायचं, नाहीतर दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून लोकांच्या आज्या-पणज्यांच्या तोंडावरची बुरशी काढायची, हे वासुकीचं काम. बुरशीचा तिला त्रास नव्हता. बुरशी प्रामाणिक असते, जिथे ओल असेल तिथेच येते. त्रास होता तो माणसांचा.

ओरत्तनाडूहून एक भातगिरणीवाला आला. बापाचा एकच फोटो होता, अंगावर बनियन. त्यावर जरीकाठी अंगवस्त्र घाला म्हणाला. वडील असं वापरायचे का, असं वासुकीनं विचारलं. नाही, पण आणखी चार वर्षं जगले असते तर नक्की वापरलं असतं, म्हणाला. दुसऱ्या एकाला कुटुंबाच्या फोटोतून मेहुण्याला काढून त्याच्या जागी कुंडी ठेवून हवी होती. मेहुणा जिवंत होता, म्हणजे नियमात बसत होतं. तिनं कुंडी ठेवली. सहा महिन्यांनी दोघांची दिलजमाई झाली, आणि तोच माणूस कुंडी काढून मेहुण्याला परत उभं करा म्हणून आला. वर म्हणाला, कुंडी तशी बरी दिसत होती, ती बाजूला कुठेतरी राहू द्या.

नियम असा होता : जिवंताचं खोटं जिवंत निस्तरतो. मुलीचा स्थळासाठीचा फोटो उजळ करून दिला तर मुलगी उद्या स्वतः समोर बसणारच आहे, पाहणारे काय ते पाहून घेतील. पण गेलेला माणूस दुकानात येऊन 'हा मी नव्हे' असं सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या फोटोची धूळ काढायची, चीर बुजवायची, उडालेला उजेड परत आणायचा. एक कान शाबूत असेल तर त्यावरून दुसरा करून मिळेल. एकही नसेल तर तसंच न्यावं लागेल. भर घालायची नाही.

गिऱ्हाइकांना हे पटत नसे. गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाला होता. त्याच्या फोनात असलं काही होतं की गेलेला माणूस हसायचा, मान वळवायचा, एकदा तर कुणाच्या तरी आजोबांनी डोळा मारला होता. लोक तिकडे जात, खूष होऊन येत, आणि वासुकीला आवर्जून दाखवत. ती पाही, फोन परत देई आणि पुढची बुरशी काढायला घेई.

अशात एका सोमवारी नटराज अण्णा आले. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे, आपल्यातलेच, म्हणजे तंजावरी मराठी. मुलीचं, हरिणीचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी घरात सवाशिणींचं जेवण करायचं होतं, तेही अकरा दिवसांवर, शुक्रवारी. कुळातल्या ज्या बायका नवऱ्याच्या आधी, कुंकवानिशी गेल्या, त्यांना त्या दिवशी नावानं बोलावतात. पाटावर त्यांच्यासाठी नवी साडी ठेवतात, जिवंत सवाशिणींच्या पंगतीत एक पान त्यांचं मांडतात, आणि त्यांचा आशीर्वाद मिळाल्याशिवाय पत्रिका वाटत नाहीत. तमिळ शेजारी यालाच सुमंगली प्रार्थना म्हणतात. पूर्वी कोण कुंकवानिशी गेलं हे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असे. आता म्हातारे कमी आणि भिंतीवर फोटो जास्त, म्हणून लोक फोटोच्या कपाळाकडे बघून यादी करतात.

नटराज अण्णांनी पिशवीतून आजीचा फोटो काढला. नागलक्ष्मीबाई. काळापांढरा, खालून वाळवी लागलेला. मोठा करायचा होता, रंगीत करायचा होता, आणि कपाळावरचं कुंकू चांगलं लाल दिसायला हवं होतं. "बाकी साडीबिडी तुझ्या मनानं कर गो," ते म्हणाले. "कुंकू मात्र ठसठशीत."

ते गेल्यावर तिनं फोटो स्कॅन केला आणि लाल रंग भरायला कपाळ चौपट मोठं करून पाहिलं. मग तिनं खुर्ची मागे सरकवली.

नागलक्ष्मीबाईंच्या कपाळाला तीन आठ्या होत्या. खरं कुंकू आठीत शिरतं, तुटतं, एका बाजूला जरा फिसकटतं. हे कुंकू आठ्यांवरून बिनदिक्कत गेलेलं होतं, कंपासनं काढल्यासारखं वाटोळं. असं कुंकू कपाळावर नसतं, कागदावर असतं. आणि इतकं वाटोळं काढायचा माज त्या काळी तंजावरात एकाच मुलीला होता.

फोटोच्या पाठीवर वडिलांचा शिक्का आणि नंबर सापडला. लोखंडी कपाटातल्या खोक्यांत त्या नंबरचं पाकीट शोधायला तिला पाऊण तास आणि चार शिंका लागल्या. पाकिटावर वडिलांच्या तमिळ अक्षरात लिहिलं होतं : 'सुब्रह्मण्य राव. आई. पोट्टू घालणे.' पोट्टू म्हणजे कुंकू. साल त्र्याण्णव. आत दोन निगेटिव्ह होत्या. एकीत कुंकू होतं. दुसरीत कपाळ कोरं.

तिला तो माणूस आठवला. नटराज अण्णांचे वडील, हातात छत्री, तिची मूठ सारखी फिरवत उभे. मुलाच्या लग्नासाठी आईचा फोटो हवा होता. काय करायचं ते सांगून झाल्यावर ते इतकंच म्हणाले होते, आई अशी दिसत नव्हती. वासुकी तेव्हा तेवीस वर्षांची होती. बारीक कुंचला घेऊन तिनं प्रिंटवर टिळा रंगवला, वडिलांनी त्याचा पुन्हा फोटो काढला, म्हणजे कुंचल्याची खूण उरली नाही. वडिलांनी भिंग लावून पाहिलं आणि शाबास म्हणाले. ते फारसं कुणाला शाबास म्हणत नसत. कपाळ मुळात कोरं का, हे तिनं विचारलं नाही. शाबासकी मिळाल्यावर कोण विचारतं?

म्हणजे दाखला रद्द. एकतीस वर्षं तो खोटा होता, आणि खोटा आहे हे दाखला देणारीलाच आठवत नव्हतं. वासुकीला स्वतःचा इतका संताप आला की तिनं कॉम्प्युटर बंद न करताच दुकान बंद केलं.

रात्री नवऱ्याला सांगितलं. मणी वीज मंडळात होते आणि कुठल्याही बिघाडाकडे वीज मंडळाच्या नजरेनं पाहत. एकतीस वर्षं दिवा लागतोय ना, मग फ्यूज कशाला काढतेस, एवढं म्हणून ते झोपले.

दुसऱ्या दिवशी नटराज अण्णा फोटो कुठवर आला हे बघायला आले. वासुकीनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि दोन्ही निगेटिव्ह दाखवल्या. ते आधी हसले. मग त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि तो जुळेना. आजोबा-आजी दोघंही त्यांच्या जन्माआधी गेलेले. आजी आधी गेली हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, फोटोवरून ते तसं धरून चालले होते. त्यांच्या स्वतःच्या लग्नापासून घरात चार लग्नं झाली. चारही वेळा नागलक्ष्मीबाईंना नावानं बोलावलं, साडी ठेवली, पान मांडलं.

"म्हणजे माझे बाबा खोटं बोलले?"

"ते काही बोलले नसतील अण्णा. त्यांनी फोटो ओळीत ठेवला. बोलला तो फोटो."

"आणि फोटोला बोलायला कुणी शिकवलं?"

"मी."

यावर नटराज अण्णा चिडले. तुला हे सगळं उकरायला कुणी सांगितलं, मी रंग भरायला सांगितलं होतं. दहा दिवसांवर कार्य, भटजींना नावांची यादी गेलेली, व्याही चिदंबरमचे, बारीक नजरेचे. आता सांगायचं काय, की आमची आजी चुकून बसली होती? वासुकी म्हणाली, काय सांगायचं ते मला माहीत नाही, पण तिच्या कपाळावर मी पुन्हा कुंकू भरणार नाही. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आता आहे. ते म्हणाले, झेरॉक्सवाला पाच मिनिटांत लाल करून देतो, वर आजीला हसवूनही देतो.

"हसवा," वासुकी म्हणाली.

पण ते उठले नाहीत. झेरॉक्सवाल्यानं केलं तर ते त्याचं खोटं झालं असतं, आणि आता माहीत असूनही करून घेतलं तर आपलं, हे बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कळत होतं. ते तसेच स्टुलावर बसून राहिले. पासपोर्ट फोटोला आलेलं एक गिऱ्हाईक तेवढ्यात परत गेलं. अखेर तेच म्हणाले, वेंकूआत्याला विचारू. तीच आता एक उरली आहे.

वेंकूबाई म्हणजे नागलक्ष्मीबाईंची मुलगी, नटराज अण्णांच्या वडिलांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याऐंशी. तिला ऐकू कमी येतं असा समज होता. खरं तर तिला निवडक ऐकू येत असे. त्या संध्याकाळी वासुकी दोन प्रिंट घेऊन गेली तेव्हा ती सुपात शेवग्याचा पाला निवडत होती. शेजारी हरिणी फोन घेऊन बसली होती. तिला मराठी सगळी कळायची, बोलताना तमिळ यायची, आणि रागावली की इंग्रजी.

वासुकीनं दोन्ही फोटो सुपाच्या कडेला ठेवले. वेंकूबाईनं हात पदराला पुसले. आधी कोऱ्या कपाळाचा उचलला.

"ही माझी आई," ती म्हणाली. मग दुसऱ्याकडे नुसतं बोट केलं. "ही दादाची आई."

मग तिनं सांगितलं. फोटो तिच्याच लग्नातला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई मांडवात पुढे आली नाही, खांबाच्या आड उभी राहून बघत होती. फोटोवाल्यानं हाक मारली तरी हलली नाही. शेवटी त्यानं सगळ्यांचा फोटो काढला, त्यात कडेला खांब आणि खांबाला लागून अर्धी-मुर्धी आई आली. वर्षभरात ती गेली. दुसरा फोटो नाही. दादानं मागाहून त्यातून तिला वेगळी काढून घेतली आणि कुंकू लावून आणलं.

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?" नटराज अण्णा म्हणाले. "माझ्या लग्नापासून?"

"माझ्या आईचं मला माहीत नसायला काय झालं?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

वेंकूबाईनं पाल्यातली एक काडी उचलून बाजूला टाकली. "दादानं तिला खांबाआडून काढून पानावर आणून बसवली. पानावर बसलेल्या माणसाला उठवतात का रे? आणि मी उठवू? माझ्या आईला?"

वासुकीला अशा वेळी गप्प बसणं जमत नसे. तिनं विचारलं, आत्या, मग मी काय करू ते सांगा, पुन्हा लावू? तिच्या आवाजात चीड होती, कारण हे उत्तर जर 'लाव' असं आलं तर नाही कसं म्हणायचं, हे तिला कळत नव्हतं.

"तुझ्या कामात मी कां पडू?" वेंकूबाई म्हणाली. "फोटो तुझा. तुला दिसतं तें दाखव. पान माझं. तें मी मांडणार."

नटराज अण्णांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. दोन बायकांनी मिळून प्रश्न सोडवला होता, आणि व्याह्यांना काय सांगायचं हा भाग तेवढा त्यांच्या वाट्याला ठेवला होता. आणि भटजी? त्यांनी विचारलं. भटजींना नाव कळलं की पुरे, वेंकूबाई म्हणाली. तिचं नाव तर खोटं नाही.

वासुकीनं पुढचे चार दिवस त्या फोटोवर घालवले. वाळवीनं खाल्लेला काठ भरला, गालावरचे डाग काढले, साडीची एकेक चुणी वर आणली. रंग भरला नाही, साडीचा रंग वेंकूबाईलाही नक्की आठवत नव्हता. कोऱ्या कपाळाच्या निगेटिव्हमध्ये उजवीकडे खांबाची एक पट्टी होती, तीही ठेवली. नटराज अण्णा रोज येऊन बसत आणि रोज एकच विनंती करत.

"खांब तरी काढ."

"खांब होता अण्णा."

"होता गो, पण बघणाऱ्याला काय कळणार तो कसला?"

"विचारतील. मग तुम्ही सांगा."

हे ऐकल्यावर ते खांबाबद्दल बोलायचे थांबले. शेवटच्या दिवशी चौकट करून फोटो घेऊन गेले, जाताना पायरीवर अडखळले आणि त्याचाही दोष त्यांनी वासुकीलाच दिला.

शुक्रवारी वासुकीलाही सवाशीण म्हणून बोलावणं होतं. ती जायची नव्हती. मग वाटलं, न गेलो तर आपण घाबरलो असं होईल. नऊवारी नेसून गेली. ओसरीवर पाच फोटो ओळीनं मांडले होते. मधल्या फोटोत नागलक्ष्मीबाई कोऱ्या कपाळानं, खांबाला लागून उभ्या होत्या. दाराशी आलेली प्रत्येक बाई ओळीकडे बघे, मधे थांबे, शेजारणीकडे बघे. चिदंबरमच्या विहीणबाईंनी नटराज अण्णांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. ते काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ म्हणत होते, आणि परत आले तेव्हा त्यांचं उपरणं घामानं भिजलेलं होतं. विहीणबाई मात्र जाऊन वेंकूबाईच्या शेजारी बसल्या आणि तिथून हलल्या नाहीत.

वासुकीला बरं वाटत होतं. फोटो चांगला झाला होता. डोळ्यांत उजेड होता. इतक्या वर्षांनी बाई स्वतःच्या तोंडानिशी घरात आली होती, आणि पानही मांडलेलं होतं. कधी नव्हे ते एखादी गोष्ट जशी असायला हवी तशी झाली, असं वाटून ती पाटावर टेकली.

मग हरिणीला फोटोंची पूजा करायला बसवलं. चंदनाची वाटी, कुंकवाचा करंडा. पहिल्या फोटोच्या काचेवर कपाळाच्या जागी तिनं चंदन लावलं, त्यावर कुंकू. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्यापाशी तिचा अंगठा हवेत थांबला. मागून कुणीतरी कुजबुजलं. तिनं आधी बापाकडे पाहिलं, बापानं छताकडे पाहिलं. मग तिनं वासुकीकडे पाहिलं. वासुकी मान हलवणार होती. कोणत्या दिशेनं, हे तिचं अजून ठरलं नव्हतं.

"काय झालं?" वेंकूबाईनं विचारलं. तिला आता अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. "काचेला सगळ्यांच्याच लावतात. लाव."

हरिणीनं लावलं. चांगलं मोठं, जरा डावीकडे, ओलसर. त्याचा एक ओघळ नाकापर्यंत आला. असलं काम हातून झालं असतं तर वासुकी लाजेनं मेली असती. पण यात तिला म्हणण्यासारखं काही नव्हतं. फोटोत भर घातलेली नव्हती. फोटो आत होता, जसाच्या तसा, कोरा. हे बाहेर होतं आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं निघणार होतं. नियमात कुठेही बसत नव्हतं आणि नियम मोडतही नव्हतं. तिनं दात आवळून आपल्या पानाकडे बघायला सुरुवात केली.

नावं घेतली गेली. नागलक्ष्मीबाईंचं नाव आल्यावर वेंकूबाईनं हात जोडले, आणि मग पानावर काय वाढायचं राहिलं ते मोठ्यानं सांगितलं.

वाढपी पायसम घेऊन येण्याआधी हरिणीनं फोन काढला, पाचही फोटोंची ओळ टिपली आणि घरच्या ग्रुपवर पाठवली. बेंगळुरू, पुणे, न्यू जर्सी. उत्तरं लगेच यायला लागली. ती वाकून वासुकीला दाखवू लागली : अक्का, बघा, सगळे म्हणताहेत किती छान रिपेअर केलंय, कुंकू किती नॅचरल.

वासुकीनं सवयीनं दोन बोटांनी कपाळ मोठं करून पाहिलं.

फोटोत काच दिसत नाही.